डोळ्यांवर चढवलेला समुद्र

भूल देणाऱ्या डॉक्टरला लोक डॉक्टर मानत नाहीत. पोट फाडतो तो डॉक्टर, आणि त्याच्या शेजारी डोक्याशी बसून काहीतरी करते ती भूलवाली बाई. नव्वदच्या दशकात पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या लहान लहान हॉस्पिटलांची भूलवाली बाई मी होते. कुणाकडेच रोज ऑपरेशनं नसत, म्हणून कुणालाच माझी रोज गरज नसे. बोलावणं आलं की नळ्या, सुया आणि औषधांची बॅग उचलायची आणि एस.टी. पकडायची. बॅगेत काय असतं हे एका कंडक्टरला एकदा कळलं. तेव्हापासून तो मला पुढची सीट द्यायचा आणि स्वतः जरा लांबच उभा राहायचा.

माझा स्वभाव तापट. घरचे अजून सांगतात, आणि मी अजून नाकारते. पण ऑपरेशन थिएटरमध्ये मी चिडायची ते एकाच गोष्टीवरून, तिथल्या बडबडीवरून. आमच्याकडची निम्म्याहून जास्त ऑपरेशनं पाठीत सुई देऊन व्हायची. कमरेखालचा भाग बधिर, पण माणूस टक्क जागा. छातीवर एक हिरवी चादर पडद्यासारखी आडवी टांगलेली. पडद्याच्या अलीकडे त्याचं डोकं आणि मी, पलीकडे त्याचं पोट आणि सर्जन. दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. कैच्यांचा आवाज येतो, सर्जन नर्सवर खेकसतो तो आवाज येतो, आणि मध्येच कुणी ‘अरेच्चा’ म्हटलं तर तेही येतं. स्वतःचं पोट उघडं असताना पलीकडून ‘अरेच्चा’ ऐकलेल्या माणसाचे डोळे मी पाहिलेत. अशा वेळी मी सर्जनला जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग पेशंटचं लक्ष दुसरीकडे लावणं हे कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्याचं औषध बाटलीत मिळत नाही, म्हणून मी गप्पा मारायची. कुणाच्या सुनेबद्दल, कुणाच्या वालाच्या शेताबद्दल. वालाच्या शेंगा भाजतात त्या पोपटीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला किती घालायचा यावर एका गृहस्थाने माझ्याशी अपेंडिक्स निघून टाके पडेपर्यंत वाद घातला होता. मी म्हणत होते भरपूर, तो म्हणत होता तळाला आणि तोंडाला पुरे. आपलं ऑपरेशन संपलं हे त्याला कळलंच नाही, आणि कळल्यावरही त्याने आधी पाल्याचा मुद्दा संपवला.

दशक सरता सरता रोह्याच्या आमच्या सर्जनने एक नवल आणलं. सर्जन माझ्याच वयाचे, हाताला फार चांगले, आणि नव्या यंत्राचं नाव काढलं की लहान मुलासारखे. त्यांचा मेहुणा अमेरिकेहून आला होता. त्याने डोळ्यांवर चढवायचा एक टीव्ही आणला होता. म्हणजे पोहताना लावतात त्या चष्म्याचा मोठा भाऊच. काळा, जाड, आत दोन डोळ्यांसमोर दोन इवले पडदे, कानांवर बसणारे दोन गोल बोळे, आणि मागून निघालेली वायर व्हीसीआरला जोडायची. तो चष्मा चढवला की बाहेरचं काही दिसत नाही, बाहेरचं काही ऐकू येत नाही.

“मॅडम, व्हर्च्युअल रिॲलिटी,” सर्जन म्हणाले. हे दोन शब्द ते इतक्या मायेने उच्चारायचे की मला त्यांच्या बायकोची काळजी वाटे. “माणूस टेबलावर नसतोच. तो दुसऱ्याच ठिकाणी असतो. तुमच्या गप्पा आता रिटायर.”

यंत्राबरोबर एकच कॅसेट आली होती. परदेशातला कुठलातरी समुद्रकिनारा. माणूस नाही, घर नाही, होडी नाही. कॅमेरा खाली वाळूतच ठेवलेला, आणि समोरून लाटा येतात. प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा थोडी पुढे. भरतीची वेळ असावी, कारण शेवटी शेवटी पाणी अगदी आपल्या हनुवटीशी येऊन खेळतं. कानांत त्याची गाज. मी स्वतः लावून पाहिलं तेव्हा मला दहा मिनिटांत डुलकी लागली. कबूल करायला जिवावर आलं, पण यंत्र चांगलं होतं.

पेशंटनाही ते आवडलं. गाठ काढायला आलेल्या एका शिक्षिकेने उठल्यावर सांगितलं, “सहलीला जाऊन आल्यासारखं वाटलं, आणि डबाही करावा लागला नाही.” सुधागडच्या बाजूची एक म्हातारी आली होती. जन्मभर भात आणि वाल केलेले, समुद्र कधी पाहिलेला नाही, अलिबाग काही तासांवर असूनही. ती चष्मा काढू देईना. “ऱ्हाऊ दे गो जरा,” म्हणाली, “परत कोन नेतंय मला तिकडं.” तिच्या सुनेने तोंड फिरवून हसून घेतलं. मी मात्र त्या दिवशी बसमध्ये त्या म्हातारीचाच विचार करत पेणला आले. सर्जननी बाजी मारली होती आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

मग तो माणूस आला.

तसा तो मला आधीच भेटलेला होता, पेणच्या एका हॉस्पिटलात. खारेपाटातला शेतकरी. पेणच्या पश्चिमेला खाडीच्या कडेची ती सगळी जमीन समुद्राच्या पातळीला, काही ठिकाणी त्याच्याही खाली. मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर थोपवायचं आणि आत भात पिकवायचा. बांध आहे तोवर गाव आहे. उधाणाच्या भरतीला बांध कुठे फुटला तर त्या भगदाडाला खांड म्हणतात, आणि खांड गेली अशी हाक आली की घरातलं माणूस ताटावरून उठून धावतं. खारं पाणी एकदा आत शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं भात देत नाही. या माणसाने आयुष्यभर भाताच्या दिवसांत शेती केली, उरलेल्या दिवसांत मिठागरावर मीठ ओढलं आणि बाराही महिने बांधावर माती टाकली. ओझी उचलून उचलून त्याला हर्निया झाला होता. जांघेत मोठी गाठ, उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की आत.

दमा होता, विडी होती, छाती भात्यासारखी वाजत होती. त्याला पूर्ण झोपवणं धोक्याचं होतं, म्हणून पाठीत सुई द्यायची ठरली. मी माझ्या सवयीप्रमाणे सगळं सांगितलं. पाय आधी कोमट वाटतील, मग जड होतील, मग हलणार नाहीत. घाबरायचं नाही, दोन-तीन तासांनी परत येतात.

“पाय चालनार नाय?” त्याने विचारलं.

“थोडा वेळ नाही.”

“मं नको, बाय.” त्याने अंगावरचा हॉस्पिटलचा सदरा काढून माझ्या हातात दिला, खुंटीवरचा स्वतःचा घातला, शांतपणे बटणं लावली आणि निघून गेला. रागावला नाही, वाद घातला नाही. मीच रागावले. दाराकडे बघून पाठमोऱ्या माणसाला चार शब्द सुनावले. ते त्याच्या कानांवर गेले असतील तर त्याने तसं दाखवलं नाही.

त्यानंतर पावसाळ्यात त्याची गाठ अडकली. बाहेर आलेलं आतडं आत जाईना. चिखलातून कसंबसं पेणला आणलं आणि तिथल्या डॉक्टरांनी ते दाबून आत बसवलं. पुन्हा अडकलं तर असं बसेलच असं नाही, मग आतडं काळं पडतं आणि हातात काही तासच राहतात, असं त्यांनी त्याला आणि त्याच्या मुलीला समोर बसवून सांगितलं. गाव खाडीच्या टोकाला, गाडी मिळेल तेव्हा मिळेल. मुलीने त्याला उचललं आणि रोह्याला आपल्या घरी आणलं. ती रोह्यात दिलेली, नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला. त्या माणसाची बायको दोनेक वर्षांपूर्वी गेली होती. ही एकुलती एक मुलगी तेवढी उरली होती.

मला थिएटरच्या दाराशी बघून त्याने ओळखलं.

“बाय, मी पलालो व्हतो तवा,” तो म्हणाला. “आता नाय पलनार. पोरीनं जेवन सोरलंय.”

मुलगी मागेच उभी होती. पंचविशीची, बारीक, ओठ घट्ट मिटलेले. तिने खरंच दोन दिवस पोटात काही घातलं नव्हतं. बापाने होकार दिल्यावर सकाळी चहा तेवढा घेतला होता. मला तिचं कौतुकही वाटलं आणि चिंताही. ही आत येऊन पडली तर हिला कोण उचलणार, असं काहीतरी माझ्या मनात आलं. त्या वेळी तिला आत यायचंच नव्हतं, त्यामुळे मी तो विचार सोडून दिला.

पाठीत सुई बसली. पाय जड झाले. तो दातांवर दात दाबून छताकडे बघत होता. सर्जन म्हणाले, “मॅडम, याला तर चष्मा हवाच हवा.” मलाही ते पटलं. इतक्या घाबरलेल्या माणसाला गप्पांनी काय होणार. मी चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला, कानांवर बोळे बसवले, कॅसेट चालू केली. सुरुवातीला तो निपचित होता. माझ्या मनात आलं, झालं, हाही सहलीला गेला.

सर्जननी कापलं, आतड्याचा वळसा हातात आला, आणि माझ्या बाजूला त्या माणसाचा श्वास बदलला. आधी भराभर, मग शिट्टीसारखा. त्याचे दोन्ही हात वर आले. “पानी आत आयलं,” तो म्हणाला. मग मोठ्याने, बांधावरून हाक देतात तशा आवाजात, “खांड गेली. उठा रं. खांड गेली.” आणि तो कोपरांवर उठून बसायला लागला.

पाय त्याचे नव्हते, पण हात मीठ ओढलेले होते. हिरवी चादर खाली आली, सलाइनची सुई हातातून अर्धी निघाली, सर्जन दोन्ही तळहातांनी त्याचं आतडं सांभाळत ओरडले, “धरा, धरा त्याला.” आमची एकच नर्स, ती सर्जनच्या शेजारी निर्जंतुक हातमोजे घालून अडकलेली. मी चष्मा ओरबाडून काढला. त्यात समुद्र अजून चालूच होता, पाणी हनुवटीशी खेळत होतं. भरती चढते आहे, समोर बांध नाही, आणि पाय जागचे हलत नाहीत. खारेपाटातल्या माणसाला आम्ही हे मन शांत व्हावं म्हणून दाखवत होतो.

चष्मा निघाला, पण पाय आले नाहीत. “पाय नाय हाय माजे,” तो म्हणत होता. “रुतलं. पाय रुतलं.” मी त्याचा हात धरला, खांद्याला खाली दाबलं, कानाशी बोलत राहिले, पाणी नाही, हे रोहा आहे, हे हॉस्पिटल आहे. तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हते. गुंगीचं औषध अजून द्यावं तर त्याच्या छातीचा भरवसा नाही, श्वासच थांबायचा. त्यातच रक्तदाब घसरायला लागला. मला दोन्ही हात हवे होते, एक सलाइनला आणि एक इंजेक्शनला. हात सोडला की तो उठत होता.

मी पायाने दार ढकललं आणि मुलीला हाक मारली.

“मॅडम, ही काय जत्रा आहे?” सर्जन म्हणाले.

“जत्रा नाही. पण हा टेबलावरून खाली आला तर होईल,” मी म्हटलं. त्यांचे हात भरलेले होते, आणि माणूस समजूतदार होता.

मुलगी दाराशीच होती. बापाची ‘खांड गेली’ ही हाक तिने ऐकलीच होती. गाऊन अंगावर चढवता चढवता तिने मला भराभर सांगितलं. बाबा एकदा खांडीच्या गाळात कमरेपर्यंत रुतले होते, पाय निघेनात, भरती चढत होती. आई बांधावर आडवी पडली आणि ओहोटी लागेपर्यंत त्यांचा हात धरून राहिली. मग लोकांनी ओढून काढलं. एवढंच तिने सांगितलं. मला पेणमध्ये बटणं लावणारा तो माणूस आठवला आणि दाराकडे बघून बोललेले माझे चार शब्दही आठवले. पण आठवायला सवड नव्हती.

तिने स्टुलावर बसून बापाचा हात धरला. “बाबा, मी हाय,” ती म्हणाली. चेहरा कागदासारखा पांढरा. चादर आम्ही पुन्हा टांगली होती, पण घाईत ती एका बाजूने खाली लोंबत होती, आणि मुलीची नजर पुन्हा पुन्हा तिथे जात होती. पलीकडचं लाल काहीतरी तिला दिसलं असावं. मी इंजेक्शन भरत होते, एक डोळा नाडीवर, एक तिच्यावर. आता ही कोसळते, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात बापाने मान तिच्याकडे वळवली.

“कवरं आयलं पानी?” त्याने विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, बोल, काहीही बोल.

“कमरेला हाय, बाबा.”

“नीट बग. कमरेला का ढोपराला?”

तिने खरोखरच नीट बघितल्यासारखं केलं. “ढोपराच्या वर हाय. कमरेच्या खाली.”

“मं अजून टाइम हाय. बांधावर कोन कोन हाय?”

“काका हाय. आत्या हाय. सगला गाव हाय.”

“पेंढा आनला का? नुसती माती थांबनार नाय. धुवून जाईल.”

“आनला.”

“कोनी आनला?”

“मी आनला, बाबा.”

“शाबास,” तो म्हणाला. “माजा हात सोरू नको.”

“नाय सोरत.”

असंच चालू राहिलं. तो विचारत होता, ती सांगत होती. टोपल्या कुठून येतात, कोण कमी पडतोय, वारा कुठला आहे, लाकडाच्या मेढ्या ठोकल्या का. मध्येच तो तिला ओरडला, अशी नाय टाकायची माती, पाय देऊन दाब. आणि ती म्हणाली, “दाबते, बाबा.” तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. तिची नजर चादरीकडे जायची थांबली. त्याचा श्वास खाली उतरला, रक्तदाब वर आला, आणि मी माझ्या हातांनी करायचं ते सगळं सावकाश करू शकले. मला तेव्हा रडू येत होतं, हे सांगायला हरकत नाही. तोंडावर मास्क असला की त्याचा तेवढा उपयोग होतो.

पलीकडे सर्जन एक अक्षर बोलत नव्हते. जाळी बसवली, थर शिवले. शेवटचे टाके राहिले तेव्हा त्यांनी चादरीवरून डोकं काढून मला हळूच विचारलं, “मॅडम, लावू का ओहोटी?” मी मान डोलावली, आणि मुलीला खुणेने सांगितलं.

“बाबा,” ती म्हणाली, “ओहोटी लागली.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि डोळे मिटले.

त्या दिवशी चहाच्या वेळी सर्जन हवेत होते. त्यांच्या मते यंत्रात काही चूक नव्हती, कॅसेटच चुकीची होती. ज्याचा समुद्र त्याला दाखवायला हवा. पेणमधल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याला घेऊन आपण खारेपाटात जाऊ, खांड बांधतात ते सगळं शूट करू. वरच्या गावांतल्या लोकांना वालाची शेतं दाखवू. मूर्ती घडवणाऱ्या जोहे गावच्या लोकांना त्यांचे गणपतीचे कारखाने. मी म्हटलं, जोह्याचा माणूस बिचारा त्या कारखान्यातून चार दिवस सुटका व्हावी म्हणून आजारी पडत असेल, त्याला तिथे परत कशाला पाठवता. पण खरं सांगायचं तर मलाही ती कल्पना आवडली होती. मनात मी म्हणत होते, आपण त्याला बांधावर नेलं, बायको होती तिथे मुलीला बसवलं, आणि त्या बांधावर तो सुरक्षित राहिला. एखाद्या परिषदेत उभं राहून सांगण्यासारखं काहीतरी सापडलंय असं वाटत होतं.

टाके काढायला तो आला त्या दिवशी मी रोह्यालाच होते, दुसऱ्या एका ऑपरेशनसाठी. सर्जन यायला वेळ होता. मुलगी औषधाच्या दुकानात गेली होती. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, दाढी केलेली, धुतलेला सदरा. मी शेजारी जाऊन बसले आणि त्याला आमची कॅसेटची योजना सांगितली. खांड बांधण्याचं चित्र डोळ्यांवर लावलं असतं तर तुम्हाला तेव्हा बरं वाटलं असतं ना, असं विचारलं.

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसून झाल्यावर टाक्यांवर हात ठेवला.

“बाय, मना काय येड लागलं होतं का?” तो म्हणाला. “पानी त्या डोल्यांवरच्या डब्यात होतं. डबा काढलात, पानी गेलं. मना म्हाईत होतं, रोह्यात हाय म्हनून.”

“पण तुम्ही तर म्हणत होता, पाय रुतलेत.”

“पाय नवते, ते खरं. त्याचा भ्या होताच. लय होता.” तो पुढे सांगू लागला. “मं पोरगी आत आली. तिचा हात धरला तर बर्फासारखा. दोन दिवस जेवली नवती. आनि ती परद्यावरून बगत होती, माजं पोट फारलेलं. पडली असती ती, बाय. तिची आय नाय, तिला कोन बगनार? मं मी तिला कामाला लावली. पानी बग, पेंढा आन, माती टाक. लानपनी बांधावर रडायला लागली की तिची आय असंच करायची. काम दिलं की ती रडत नाय.”

“आणि तुमची भीती?”

“भ्या गेला नवता,” तो म्हणाला. “पन भ्यायला टाइम कुटं होता?”

त्या थिएटरात आम्ही सगळे त्याला सांभाळत होतो असं मला वाटत होतं. सर्जन, मी, मुलगी, अमेरिकेतलं यंत्र. त्याचं पोट उघडं होतं, पाय नव्हते, आणि तो पडल्या पडल्या त्या मुलीला सांभाळत होता. मला त्या माणसाबद्दल जे वाटलं त्याला मी आजही माया म्हणेन. त्याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

“तिला सांगू नका,” तो म्हणाला. “तिला वाटतंय, तिनंच मना काढलं.”

मुलगी औषधाची पिशवी घेऊन परत आली. सर्जन आले, टाके निघाले, जखम छान भरली होती. बापाला आत चप्पल घालायला वेळ लागत होता, तेवढ्यात ती मला बाजूला घेऊन गेली. तिला बरेच दिवस काही विचारायचं असावं.

“बाई,” ती म्हणाली, “खरं सांगा. मी आत आले नसते तर बाबांचं काय झालं असतं?”

तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर एक अभिमान होता, आयुष्यात पहिल्यांदाच आलेला असावा तसा. मागे दाराशी तिचा बाप उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता.

“कठीण होतं,” मी म्हटलं. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.